वाचकांचे प्रश्न : कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे परतले तर

प्रश्न : माझे वय ४४ असून मी सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. चार महिन्यांपूर्वी माझ्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील सरकलेल्या गादीची शस्त्रक्रिया झाली. उजव्या पायातील कळ दुसऱ्याच दिवशी थांबली, अंगठ्याचा बधिरपणा मात्र तसाच आहे. तीन आठवड्यांपूर्वी एसटीने पुण्याला जाऊन आल्यापासून पोटरीत पुन्हा तशीच कळ येते. नव्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये त्याच जागी ‘गादीचा फुगवटा व स्कार टिश्यू’ असे लिहिले आहे. नातेवाईक म्हणतात, ऑपरेशन फेल गेले. एका मालिशवाल्याचेही नाव सुचवले गेले आहे. मला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : पायातील कळ थांबणे, बधिरपणा जाणे आणि कंबर पूर्ववत होणे या गोष्टी एकाच वेगाने घडत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी हे रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले जात नाही, याची मला फार खंत वाटते, कारण नंतरची निम्मी भीती त्यातूनच जन्मते. गादीचा निसटलेला तुकडा काढला की शिरेवरचा (म्हणजे मज्जातंतूवरचा) दाब लगेच जातो, म्हणून तुमची कळ दुसऱ्या दिवशी थांबली. दबलेल्या शिरेतील तंतूंना इजा झालेली असेल, तर ते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर या गतीने वाढतात. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर लक्षात घेतले, तर बधिरपणा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ का रेंगाळतो हे ध्यानात येईल. काही जणांत तो थोडाफार कायम राहतो. चौथ्या महिन्यात अंगठा बधिर आहे एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही.

पोटरीत परतलेल्या कळेचा विचार मात्र वेगळा करायला हवा. खूप वेळ पुढे झुकून बसल्याने गादीवर उभे राहण्यापेक्षा अधिक दाब येतो, त्यात खड्ड्यांचे हादरे बसले की आधीच हळवी असलेली शीर पुन्हा सुजू शकते. दुसरी शक्यता अशी, की गादीच्या आवरणाला पडलेल्या त्याच भेगेतून आणखी एखादा तुकडा बाहेर आला असेल. या शस्त्रक्रियेनंतर साधारण १०० पैकी ५ ते १५ रुग्णांत असे घडते आणि त्यात दर वेळी कोणाची चूक असतेच असे नाही. तुमच्या बाबतीत यांपैकी काय झाले आहे, हे पत्रावरून ठरवणे योग्य होणार नाही. तरी कळेची दिशा पाहत राहा. ती पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कुल्ल्याकडे अशी वर सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी ते चांगले लक्षण समजावे. याउलट ती पावलापर्यंत उतरू लागली, तर तपासणी लांबवू नका.

रिपोर्टमधील शब्दांनी घाबरून जाऊ नका. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर काहीही दुखत नाही, अशा अनेकांच्या एमआरआयमध्येही फुगवटा आणि स्कार टिश्यू, म्हणजे जखम भरताना तयार होणारा व्रण, दिसतात. तपासणी साधी झाली होती की रक्तवाहिनीतून औषध टोचून, हे जरूर विचारा. त्या औषधाने स्कार टिश्यू उजळून दिसते आणि गादीचा तुकडा सहसा उजळत नाही, त्यामुळे दोहोंतील फरक कळतो. त्यानंतरही चित्र आणि तुमची तक्रार जुळते का, हे प्रत्यक्ष तपासूनच ठरवावे लागते.

घरी एक गोष्ट तपासता येईल. भिंतीजवळ, आधाराला कोणीतरी असताना, पायांचे चवडे उचलून फक्त टाचांवर काही पावले चाला. मग खुर्चीवर बसून दोन्ही अंगठे वर उचला आणि दुसऱ्या व्यक्तीला ते बोटाने खाली दाबायला सांगा. तुमच्या जागच्या गादीमुळे सहसा जी शीर दबते, तीच पाऊल आणि अंगठा उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. उजवा चवडा खाली पडत असेल किंवा उजवा अंगठा डाव्यापेक्षा सहज दबत असेल, तर एक-दोन दिवसांतच आपल्या सर्जनना दाखवा. आणि लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बसण्याच्या जागेची संवेदना हरपणे, दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो.

असे काही नसेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई नाही. पुन्हा तुकडा आला असला तरी शक्ती शाबूत असेल तेव्हा आधी औषधे, काही काळ जपून वागणे आणि गरज पडल्यास शिरेच्या मुळाशी इंजेक्शन असे उपचार केले जातात. शिरेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिनसारखी गोळी चालू असेल, तर बरे वाटले म्हणून ती एकदम बंद करू नका. अंथरूण धरू नका, दिवसातून अनेकदा थोडे थोडे चाला. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सलग बसू नका; वर्गात उभे राहून आणि खुर्चीवर बसून असे आलटून पालटून शिकवा. सध्या जमिनीवर मांडी घालून बसणे आणि भरलेली बादली उचलणे टाळा. पट्टा प्रवासापुरता ठीक आहे, त्यावर कायम विसंबू नये. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केल्यास दुखणे लवकर कमी होते. तुमच्या पत्रात व्यायामाचा उल्लेखच नाही, म्हणून सर्जनना विचारून तो आता सुरू करावा असे मी आग्रहाने सांगेन. मालिशने सरकलेली गादी जागेवर जात नाही, आणि झटका देऊन मणका ‘बसवून’ घेणे तर तुमच्यासाठी धोक्याचे आहे. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्या वाचकांनीही लक्षात घ्यावे, की निकोटिनमुळे गादीचे आधीच तुटपुंजे असलेले पोषण आणखी घटते.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे असून सहा वर्षांपूर्वी त्यांच्या कंबरेत स्क्रू बसवले आहेत. आता थोडे चालले की दोन्ही पाय जड होतात आणि बसल्यावर बरे वाटते. स्क्रू असल्याने एमआरआय करता येईल का?

उत्तर : हल्लीचे स्क्रू बहुतेक टायटॅनियमचे असतात आणि त्यांच्यासह एमआरआय करता येतो, फक्त स्क्रूजवळचा भाग काहीसा अस्पष्ट दिसतो. जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या किंवा खालच्या सांध्यावर भार वाढून तिथली शिरांची वाट अरुंद झाली असण्याची शक्यता आहे. पुढे वाकून, हातगाडी किंवा सायकलचा आधार घेऊन चालताना त्रास कमी होत असेल, तर ती शक्यता बळावते. मात्र नुसते उभे राहिल्यानेही पायांना आराम पडत असेल, तर पायांच्या रक्तपुरवठ्याची तपासणी आधी करून घ्या. मधुमेह किंवा धूम्रपान असल्यास तर नक्कीच. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद न्या, कारण कोणते मणके जोडले आणि कोणत्या धातूचे स्क्रू वापरले, हे एमआरआयवाल्यांनाही आधी पाहावे लागते.