पिंपळाच्या जाळीचा छाप

प्रिय मित्रा,

रोलिंग मशीनच्या दोन रोलरमध्ये दाबून तू चांदीवर पान छापलंस, त्या पेंडंटच्या फोटोत पिंपळपानाची मधली शीर खणल्यासारखी खोल उतरलीय, आणि तिच्या लगतची बारीक जाळी उमटलेलीच नाही. यात मशीनचा दोष नाही, पानाचा आहे. जाड शीर सगळा दाब खाते, शेजारच्या शिरांपर्यंत तो पोचतच नाही. ताजं पान नको, चुरा होणारं वाळकंही नको. काही आठवडे पाण्यात कुजवून, मऊ ब्रशनं गर काढून, वहीत दाबून वाळवलेली जाळी घे. देठ काप, मधली शीर ब्लेडनं तासून पातळ कर.

पत्रा ९२५ चांदीचा (हजारात ९२५ भाग चांदी), १ मिलिमीटर जाडीचा. ज्योतीवर तापवून नरम करताना खोलीत उजेड कमी ठेव. मंद लालसर झाक दिसली की ज्योत बाजूला. भर उजेडात ती झाक दिसत नाही, पत्रा जास्त तापतो आणि पुढे वाकवताना संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. न मागितलेलं टेक्श्चर! तुरटीच्या गरम पाण्यात काळपटपणा काढून पत्रा धू, अगदी कोरडा पूस. ओलावा राहिला तर रोलर गंजतो, आणि त्याचे खड्डे पुढच्या प्रत्येक पत्र्यावर उमटतात.

खाली चांदी, मधे जाळी, वर नरम केलेला पितळी पत्रा. हा थर जेमतेम अडकेल इतपत रोलर आवळ, थर बाहेर काढ, मग आणखी थोडं आवळ. किती, ते मशीनगणिक बदलतं. आधी तांब्याच्या तुकड्यावर बघ. एकाच फेरीत आरपार काढ, दुसऱ्या फेरीत शिरा दुहेरी दिसतात. पत्रा रोलरच्या दिशेनं लांबतो, त्याबरोबर पानही. पिंपळाचं टोक निमुळतं हवं असेल तर पान उभं घाल.

पानाऐवजी पॉलिश पेपर किंवा स्टीलच्या तारांची जाळी वापरताना खाली-वर दोन्हीकडे पत्रा हवाच, नाहीतर रोलरवर कायमचे ओरखडे. पितळी जाळीचं काम जास्त फसवं. तिच्या तारेचा तुकडा चांदीत रुतून बसतो आणि झाळताना (तापवून सांधे जोडताना) चांदीशी मिसळून तिथे खड्डा पडतो. भिंगाखाली बघ, सुईनं उकरून काढ.

झाळ, म्हणजे सांधा जोडणारा वितळणारा धातू, नेहमी मागच्या बाजूनं दे, तुकडे अगदी बारीक. छापावर पाण्यात कालवलेला गेरू लाव, म्हणजे झाळ तिकडे पसरत नाही. आकार देताना खाली चामडं आणि हातात लाकडी मोगरी. चकाकी आणणाऱ्या बफ मशीनला तर हा पत्रा दाखवूच नकोस. साबणाच्या पाण्यात पितळी ब्रश पुरतो.

शेवटी ऑक्सिडाइज करून, म्हणजे चांदी काळी करून, वरचा काळेपणा उतरवताना बारीक पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फिरव. बोटानं घासलं तर बोटाचा मऊ भाग शिरांमध्ये उतरतो आणि जो काळा रंग ठेवायचा, तोच आधी निघून जातो.