मिशिगनचा पहिला सीझन

मिशिगन विद्यापीठात, म्हणजे अ‍ॅन आर्बरला आलाच आहेस, तर अमेरिकन फुटबॉलचं विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट काढच. नियमांचं टेन्शन नको. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढ्यावर पहिली मॅच निभते. मात्र किकऑफच्या, म्हणजे मॅच सुरू होण्याच्या, अर्धा तास आधी जागेवर पोच. बोगद्यातून बँड धावत येतो, बँडचा म्होरक्या, म्हणजे ड्रम मेजर, टोपी काढून मागे वाकतो आणि डोकं थेट जमिनीला टेकवतो. लाखभर माणसं एकदम ओरडतात, अंगावर काटा येतो! आपल्या स्टँडमध्ये कोणी बसत नाही, म्हणून बूट आरामाचे घाल. नोव्हेंबरात थर्मल हवेतच.

एखादी मॅच हरलो तरी खचू नकोस, 2024 पासून प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीला, 12 संघ जातात. आपला कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट, त्यांच्याशी मात्र हरायचं नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी ती मॅच असते. त्या दिवशी लाल कपडा अंगावर नको, तो त्यांचा रंग.