फ्रिडा काहलोच्या आत्मचित्रातला काट्यांचा हार, मेलेला पक्षी, माकड आणि काळी मांजर यांचा अर्थ काय?

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोच्या 1940 सालच्या आत्मचित्राबद्दल तुम्ही विचारलंय. गळ्यात काट्यांचा हार, त्याला लटकलेला मेलेला पक्षी, एका खांद्यामागे माकड, दुसऱ्यामागे काळी मांजर. मांजर म्हणजे अपशकुनच ना, असंही तुम्ही विचारता. मी नागपुरात पोर्ट्रेट शिकवते आणि हे चित्र वर्गात नेहमी दाखवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांजरीआधी पक्षी बघू. आपल्याकडच्या बहुतेकांना तो शिंजीर वाटतो. तो हमिंगबर्ड आहे, आणि हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. पक्षीच नाही म्हटल्यावर त्याच्याभोवतीच्या समजुतीही आपल्याकडे नाहीत. मेक्सिकोत वाळवलेला हमिंगबर्ड प्रेम मिळवून देणारा तोडगा म्हणून वापरत आले आहेत. त्याही आधी ॲझ्टेक, म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या साम्राज्याच्या लोकांच्या युद्धदेवाचं, हुइत्झिलोपोच्त्लीचं नातं याच पक्ष्याशी होतं, आणि लढाईत पडलेले वीर हमिंगबर्ड होऊन परततात अशी श्रद्धा होती. आता त्या काळात तिचं काय चाललं होतं ते आठवा. 1939 मध्ये नवऱ्याशी, चित्रकार दिएगो रिव्हेराशी, तिचा घटस्फोट झाला. त्याच सुमारास छायाचित्रकार निकोलस मरेसोबतचं प्रेमही संपलं. अशा वेळी ही बाई प्रेमाचा तोडगा गळ्यात बांधते, तोही काळा आणि निष्प्राण. पंख पसरलेला तो पक्षी आणि तिच्या जुळलेल्या भुवया यांचा आकार सारखाच आहे, हे मुद्दाम पाहा. चित्र पुढे मरेनंच विकत घेतलं.

काटे पाहून येशूचा काटेरी मुकुट आठवतो, आणि कॅथलिक मेक्सिकोत तो प्रत्येकालाच आठवणार. पण मुकुट डोक्यावर असतो. इथे काटे दागिन्याच्या जागी आहेत आणि त्यांच्या फांद्या मुळांसारख्या छातीवर पसरल्या आहेत. 1925 मध्ये, 18 वर्षांची असताना, बस आणि ट्रॅमच्या धडकेत तिचा मणका मोडला होता. पुढचं सगळं आयुष्य शस्त्रक्रिया आणि पाठीला आधार देणाऱ्या कॉर्सेटमध्ये (ताठ पट्ट्यामध्ये) गेलं. दुखणं अंगावर वागवायची तिला सवय होती, तसेच हे काटे तिनं घातले आहेत. मानेवर रक्ताचे थेंब आहेत आणि चेहऱ्यावर साधी आठीही नाही. मला या चित्रात सगळ्यात जास्त बोलतो तो हाच चेहरा.

फ्रिडानं माकडं पाळली होती, आणि हे माकड रिव्हेरानंच तिला दिलेलं, असं सांगतात. म्हणून काहीजण त्याला रिव्हेराच मानतात. मला हा अर्थ पटतो, कारण चित्रातच त्याला आधार आहे: माकडाची बोटं हाराशी चाळा करतायत. त्याला तो खेळ आहे, पण प्रत्येक ओढीला काटा रुततो तिला. मांजरीचं म्हणाल, तर काळी मांजर अशुभ हा समज तिकडेही आहे. तरी मी तो अर्थ मागेच ठेवते. मांजर पक्ष्यावर टपलीय, एवढं दिसलं तरी पुरे.

तुम्ही नागपूरचेच आहात असं लिहिलंय, म्हणून एक सांगते. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत (इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवून जाळतात ते पुतळे) निघते, तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणाऱ्या पोराला कोणी अर्थ समजावत नाही. मेक्सिकोहून आलेला माणूस इतवारीत उभा राहिला, तर त्याला नुसते दोन बायांचे अवाढव्य पुतळे दिसतील. फ्रिडाच्या पक्ष्यासमोर आपण तसेच परके असतो. म्हणून ‘माकड म्हणजे अमुक, फुलपाखरू म्हणजे तमुक’ अशा इंटरनेटवरच्या याद्यांवर भरवसा ठेवू नका. प्रतीक कुठल्या मातीतलं, ते आधी शोधा.

हे चित्र सर्रिअल, म्हणजे स्वप्नातल्यासारखं, म्हणायचं का? 1938 मध्ये सर्रिअलिस्ट चळवळीचा म्होरक्या, फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतों मेक्सिकोला आला आणि त्यानं तिला सर्रिअलिस्ट ठरवून टाकलं. तिला ते मान्य नव्हतं. आपण स्वप्नं रंगवत नाही, स्वतःचं वास्तव रंगवतो, असं तिचं म्हणणं होतं. मी तिच्या बाजूची आहे. मेक्सिकोत नवस फेडायला पत्र्यावर छोटी चित्रं काढून वाहतात. त्यांत अपघातही असतो आणि वर ढगात उभा संतही, दोन्ही सारख्याच खरेपणानं काढलेले. फ्रिडा अशी चित्रं जमवायची. तिचं हे कॅनव्हासही जेमतेम दोन फूट उंच आहे. मागे पानांची भिंत, आभाळ जवळजवळ नाहीच, आणि काटा, पान, केस सगळं सारख्याच बारकाईनं रंगवलेलं.

केसांतल्या फुलपाखरांना पुनर्जन्माचं चिन्ह मानतात. 1940 च्याच डिसेंबरात तिनं रिव्हेराशी पुन्हा लग्न केलं, पण त्यावरून मी फार ताणणार नाही.

चित्र मोठं करून उघडा. आधी फक्त चेहरा बघा, मग तिच्या अंगाला काय काय टेकलंय ते, आणि शेवटी आजूबाजूचं. याद्यांमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. जमलं तर 1939 चं, दोन फ्रिडा हात धरून बसलेल्या आहेत ते मोठं चित्रही सोबत लावून पाहा. हृदय आणि रक्त तिथे उघडंच दाखवलंय, त्यामुळे इथले काटे आणखी नीट कळतील.