कुणाला काय ऐकवावं

प्रिय,

तुझी तक्रार वाचली. वीस गाण्यांची यादी मोठ्या हौसेनं गटातल्या मंडळींपुढे ठेवलीस, तर कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे सहज म्हणून ‘हा गायक उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय’ एवढं एकच वाक्य लिहिलंस, तर दोन दिवस रणधुमाळी. यावरून लोकांना गाण्यात रस नाही, भांडणात आहे, असा निष्कर्ष तू काढलास. तो थोडा खराही आहे. पण मला यात वेगळंच काही दिसतं. यादी देताना समोर माणसं आहेत हे तू विसरलीस आणि मत देताना ते मत तुझं आहे हे विसरलीस. शिफारस करायची तर ऐकणाऱ्याचा विचार आधी यावा लागतो. मताचं उलटं: तिथे बोलणारा दिसला पाहिजे, त्याचे कान, त्याची आवड, त्याची खोड. तुझ्या यादीत तूच तू होतीस आणि मतात कुठेच नव्हतीस.

आधी यादीचं बघू. चार मिनिटांचं एक गाणं धरलं तरी वीस गाण्यांना ८० मिनिटं लागतात. तू पाठवलीस अर्ध्या मिनिटात. कॅसेटच्या काळात हा व्यवहार बराच समतोल होता. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं मावायची, आणि साध्या डेकवर कुणाला गाणी भरून द्यायची तर ती त्याच वेगानं पूर्ण वाजवत बसावं लागे. तासाभराची कॅसेट द्यायची म्हणजे आपला निदान एक तास जायचा. शिवाय जागा मोजकी, म्हणून हे घेऊ की ते, याच्यानंतर ते चालेल का, असा विचार आपोआप व्हायचा. आता पाठवणाऱ्याला काहीच पडत नाही, सगळा भार ऐकणाऱ्यावर. तेव्हा तो आवर तुला स्वतःच घालून घ्यावा लागेल. एका वेळी एक गाणं. अगदी राहवलंच नाही तर दोन.

आणि ते एक गाणं कुणा एकासाठी निवड. गटात पन्नास जण असले तरीही. रात्री काम करताना शब्द नसलेलं काही हवं असं कुणी म्हणालं होतं ना, त्याच्यासाठी. नव्यानं गिटार शिकणाऱ्यासाठी. ‘सगळ्यांनी ऐकाच’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी ऐकेल. ‘तू परवा म्हणालास म्हणून’ अशी सुरुवात केलीस, तर तो ऐकतोच, आणि बाकीचे कुतूहलानं डोकावतात. दुसऱ्याला दिलेला सल्ला कान देऊन ऐकायची आपल्या सगळ्यांना सवय असते.

नाहीतर गाणी सुचवायला यंत्रं बसलीच आहेत. स्पॉटिफाय २०१५ पासून दर सोमवारी ३० गाण्यांची यादी प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवतं. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं, अशा लाखो लोकांच्या सवयींवरून त्यातला बराचसा अंदाज बांधला जातो, आणि तो पुष्कळदा बरोबरही निघतो. उगाच नाकं मुरडू नयेत. पण ‘का ऐकायचं’ हे ती यादी सांगत नाही. तुझं काम तिथून सुरू होतं.

‘का’ म्हणजे विशेषणांची आतषबाजी नव्हे. ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’, ‘ढसाढसा रडले’ हे वाचून समोरच्याला गाण्याबद्दल काहीच कळत नाही, फक्त आपल्यालाही काटा यायला हवा असं दडपण येतं. काटा आला नाही की तो बिचारा गप्प बसतो. त्याऐवजी कान कुठे लावायचा ते सांग. नवख्या माणसाला तासाभराचा ख्याल नुसता पाठवलास तर पहिल्या दहा मिनिटांत त्याला वाटेल की काही घडतच नाहीये. घडत असतं, पण राग एकेका सुरानं उलगडतोय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला म्हण, ‘आधी शेवटची द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश ऐक, सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते ते हातानं धरून बघ आणि मग मागे ये.’ सुरुवातीपासूनच ऐकलं पाहिजे असा हट्ट धरणारे शुद्धतावादी तुला भेटतील. त्यांचं म्हणणं कलाकाराच्या दृष्टीनं रास्त आहे, पण त्या हट्टापायी कितीतरी लोक दारातूनच परत गेले. मेटल संगीतातल्या गुरगुरण्याला कुणी बिचकत असेल, तर त्याला ‘पहिल्या खेपेला गळ्याकडे लक्षच देऊ नकोस, ड्रम ऐक’ एवढं सांगितलं तरी फरक पडतो.

गाणं हळूहळू रंगणारं असेल तर तेही आधीच सांगून टाक. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं गेलं असं मोजलं जातं. श्रोत्याला त्याआधीच पकडायचं म्हणून कित्येक गाणी आता थेट मुद्द्यालाच हात घालतात, आणि आपले कानही तसेच उतावीळ झालेत. ‘दोन मिनिटं थांब, मग बासरी येते’ हे सहा शब्द लोकांना त्या बासरीपर्यंत नेतात.

एक अगदी साधी गोष्ट बहुतेक जण विसरतात. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. ती तिथे धड पोचत नाही आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमारदार गोलाई पुरती हरवते. तू हेडफोनवर ऐकून भारावून जाणार आणि तो कामं करता करता फोनवर ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणार. दोघांनी वेगवेगळी गाणी ऐकली, असंच म्हणायला हवं. म्हणून ‘हेडफोन लाव’ हे लिहायला लाजू नकोस.

आता थोडं मानसशास्त्र, कारण तुझ्या हिरमुसण्याचं एक कारण त्यात सापडतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडण्याकडे माणसाचा कल वाढतो. त्यानं निरर्थक शब्द, अनोळखी लिपीतल्यासारखी चिन्हं, चेहऱ्यांचे फोटो असलं काय काय वापरलं होतं. संगीतात हे आपण रोज अनुभवतो. तू ज्या गाण्यावर फिदा आहेस ते तू कितीदा ऐकलंयस, आठव. कुठला ठोका कुठे पडणार हे तुला ठाऊक आहे आणि तो पडला की सुख होतं. समोरचा पहिल्यांदा ऐकतोय. त्याच्याकडून पहिल्या खेपेला तुझ्याइतक्या आनंदाची अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पाच मिनिटांत ‘कसं वाटलं?’ विचारूच नकोस. मुरू दे.

आता त्या गायकाबद्दल. ‘उगाच डोक्यावर चढवलाय’ या तुझ्या वाक्यात एक अर्धसत्य आहे, आणि ते तपासून पाहिलेलं आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी फारशा माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी १४ हजारांहून जास्त लोकांपुढे ठेवली. आवडेल ते ऐका, गुण द्या, हवं तर उतरवून (डाउनलोड करून) घ्या. काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं होतं, आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंय ते त्यांना दिसत होतं. प्रत्येक जगाची सुरुवात शून्यापासून. तरीही आठ जगांत आठ वेगळे निकाल लागले. एकच गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. दुसऱ्यांची निवड दिसत असली की गाजलेलं आणखी गाजतं आणि काय गाजेल याचा अंदाज बांधणं आणखी अवघड होतं.

म्हणजे एखादा चढतो त्यात नशिबाचा वाटा असतो, हे तुझं बरोबर. पण त्याच प्रयोगात असंही दिसलं की सर्वात चांगली ठरलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वात वाईट ठरलेली क्वचितच वर आली. तेव्हा ‘लोकांना काही कळत नाही’ हे त्यातून निघत नाही. ‘कोट्यवधी लोकांनी ऐकलंय, म्हणजे चांगलंच असणार’ असं म्हणून तुझ्यावर तुटून पडलेल्यांचं म्हणणंही निघत नाही. तुम्ही सगळे दोन दिवस आकड्यांवर भांडलात आणि तो गायक गातो कसा, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला वाईट वाटलं ते याचं.

तेच मत असंही लिहिता आलं असतं: ‘त्याचा आवाज वरच्या पट्टीत गेला की मला ताणल्यासारखा वाटतो, खालच्या सुरांत मात्र छान लागतो, आणि सगळे त्याची वरच्या पट्टीतलीच गाणी लावतात.’ धार कमी झालेली नाही, उलट वाढलीच आहे. पण आता यावर कुणीतरी म्हणू शकतो, ‘मग हे एक ऐकून बघ.’ मूळच्या वाक्याला असं उत्तर देताच येत नव्हतं, कारण ते गायकाबद्दल नव्हतंच. त्याला डोक्यावर घेणाऱ्यांबद्दल होतं, म्हणून तेच चिडून उठले. शिवाय हेही लक्षात घे की पौगंडावस्थेत आणि ऐन तारुण्यात ऐकलेलं संगीत माणसाच्या आठवणींत फार घट्ट बसतं. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे वारंवार दिसलंय. पन्नाशीतल्या कुणाचं आवडतं गाणं तू ‘भंगार’ म्हणतेस, तेव्हा त्याला त्याची विशी भंगार म्हटल्यासारखं लागतं. गाण्यावर टीका जरूर कर. ते आवडणाऱ्याच्या अकलेला हात घालू नकोस.

गाण्यापलीकडच्या रोजच्या मतांनाही हेच लागू आहे. व्हॉइस मेसेज दीड पट वेगानं ऐकावेत का, सिनेमा उपशीर्षकं लावून बघावा का, गजर म्हणून आवडतं गाणं ठेवावं का (ठेवू नये, महिनाभरात त्या गाण्याचा तिटकारा येतो, या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही). अशा बारक्यासारक्या मतांवर गप्पा होऊ देत, त्यांतच माणसं एकमेकांना कळतात. फक्त प्रत्येक विषयावर मत असलंच पाहिजे ही सक्ती स्वतःवर करू नकोस. ‘मी ते ऐकलेलंच नाही’ हे वाक्य दुर्मीळ होत चाललंय, आणि ते म्हणणाऱ्या माणसाच्या बाकीच्या मतांचं वजन वाढतं.

दुसऱ्यांनी सुचवलेलं तू ऐकतेस का, हे मला तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ मध्ये आला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानं कान बंद करून बसणं लोकांना शिष्टपणाचं वाटेल, अशी काळजी कंपनीच्या प्रमुखाला होती म्हणे. मला त्या यंत्रातलं ते बटणच सगळ्यात आवडतं. ऐकल्यावर परत येऊन बोलणं हा ऐकण्याचाच भाग आहे. नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळी होऊ नकोस. ‘ऐकलं, पहिलं कडवं कंटाळवाणं वाटलं, पण व्हायोलिन आल्यावर परत मागे नेऊन ऐकलं’ असं कुणाला कळवून बघ. तो माणूस तुझी पुढची तीन गाणी न विचारता ऐकेल. आवडलं नाही तर तेही कळव, पण नेमकं काय आवडलं नाही ते सांगून. ‘माझ्या टाइपचं नाही’ म्हणजे दार लावून घेणं झालं.

तर ती वीस गाण्यांची यादी फेकू नकोस. त्यातलं एक माझ्यासाठी निवड. मी काय ऐकतो हे तुला साधारण माहीत आहे. दोन वाक्यं लिही, कान कुठे लावायचा ते सांग आणि पाठव. हेडफोन लावून ऐकेन आणि सविस्तर कळवेन. नावडलं तरी कळवेन, तयारी ठेव.

तुझा,
काका

ता. क. नुसती लिंक पाठवू नकोस. लिंक बंद पडतात, काही दुसऱ्या देशात उघडतच नाहीत. गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार आणि वादकांची नावं सापडली तर तीही अक्षरांत लिही. आणि ध्वनिमुद्रण कुठलं ते सांग: मूळचं, मैफलीतलं की पुढे नव्यानं केलेलं. मागे एकदा आपण दोघं एकाच गाण्यावर वाद घालत होतो, तेव्हा तू मैफलीतलं ऐकलं होतंस आणि मी स्टुडिओतलं.