मन कच्चे की कोपरे ताठ?

प्रश्न : मी चार वर्षे ज्युदो शिकत आहे. उचीकोमीत, म्हणजे जोडीदार स्थिर उभा असताना एकच डाव घोटताना, माझी हालचाल अचूक असते असे प्रशिक्षक म्हणतात. परंतु रांदोरीत, म्हणजे मुक्त झुंजीत, तोच डाव सुचत नाही आणि दोन मिनिटांत दम लागतो. ‘शिन-गी-ताई’, अर्थात मन, तंत्र आणि शरीर, यांचा तोल साधा, असे मला सांगितले जाते. मग ध्यान करावे, तंत्र घोटावे की व्यायाम वाढवावा?

उत्तर : एका दुखण्यावर आपण तीन वेगवेगळी औषधे विचारत आहात. पुढच्या रांदोरीत आधी आपली कोपरे पाहा. पडण्याची धास्ती असलेला खेळाडू जोडीदाराची कॉलर आणि बाही आवळून धरतो, हात काठीसारखे ताठ करतो आणि त्याला दूर रेटत राहतो. अशा हातांना समोरच्याचे वजन कोणत्या पायावर सरकले हे कळत नाही. त्यामुळे कुझुशीची, म्हणजे त्याचा तोल ढळवण्याची, वेळ येऊन निघून जाते आणि आवळलेल्या स्नायूंनी दमही लवकर लागतो. धास्ती मनातली खरी, पण ती हाती लागते पकडीत.

म्हणून सुरुवात उकेमीपासून, म्हणजे सुरक्षित पडण्याच्या सरावापासून, करा. चार वर्षांनंतर हे कमीपणाचे वाटेल, तरीही. मग दोघांनी चालत-फिरत उचीकोमी करावी, आणि त्यानंतर एकमेकांचे डाव न अडवता, आलटून पालटून फेकत, हलकी रांदोरी खेळावी.

ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान या ज्युदोशाळेची स्थापना केली. १८८९ च्या व्याख्यानात त्यांनी ज्युदोचे शरीरशिक्षण, झुंज आणि चारित्र्यघडण असे तीन हेतू मांडले, पण त्यांसाठी तीन निराळे वर्ग काढले नाहीत. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या डावांचा सराव, आणि रांदोरी यांतूनच मुख्यतः तिन्ही साधायचे होते. केन्दोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तर हे नियमातच आहे : आवेश, शिनाईचा, म्हणजे बांबूच्या तलवारीचा, घाव आणि शरीराची झेप एकाच क्षणी जुळावी लागते, शिवाय घावानंतरची सावधता, म्हणजे झान्शिन, सुटली तर गुण मिळत नाही.

ध्यानाला माझी ना नाही. सरावाआधीचे मोकुसो, म्हणजे डोळे मिटून शांत बसणे, मन लावून करा, परंतु ताठ कोपर त्याने सैल होईल अशी अपेक्षा ठेवू नका. व्यायाम वाढवण्याचा विचार, हात सैल झाल्यावरही दम लागतच राहिला, तरच करावा.