बीटल्सची शेवटची मैफल ३० जानेवारीची की २९ ऑगस्टची?

लोकांसमोरचं शेवटचं एकत्र वादन म्हणून ३० जानेवारी १९६९ हीच तारीख धरा. त्या दिवशी दुपारी लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावर, त्यांच्याच ॲपल कंपनीच्या (आयफोनवाली ॲपल नव्हे) गच्चीवर, बँडचे चौघं बिली प्रेस्टन या वादकाला कीबोर्डवर बसवून सुमारे ४२ मिनिटं गात-वाजवत होते. ना जाहिरात, ना तिकीट. खाली रस्त्यावर गर्दी जमली, आवाजाच्या तक्रारी गेल्या आणि शेवटी पोलीस वर आले! हे सगळं चित्रित झालंय. पीटर जॅक्सनच्या २०२१ च्या ‘गेट बॅक’ माहितीपटात तो कार्यक्रम अख्खा पाहता येतो. मात्र तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोरची शेवटची जाहीर मैफल विचारत असाल, तर ती २९ ऑगस्ट १९६६ ची, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधली.