नर्स झालेली लेक मठात जायचं म्हणते

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, दोन वर्षं आयसीयूत नोकरी केली. आता मदर तेरेसांच्या सिस्टरांकडे जायचं म्हणते. त्यांचं मोठं हॉस्पिटल नाही, दिवसाचा बराच वेळ प्रार्थनेत जातो म्हणतात. तिचं शिक्षण वाया नाही का जाणार? खाण्यापिण्याचं तरी नीट होईल का?
— एक आई, वसई

उत्तर : ताई, भायखळ्याला याच सिस्टरांचं 'आशादान' हे निराधारांसाठीचं घर आहे, तिथे मी अकरा वर्षं दर शनिवारी जाते. तिथलं पाहून सांगते.

आधी खाण्याचं. १९४८ साली लोरेटोचा मठ सोडल्यावर मदर पाटण्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात शुश्रूषा शिकायला गेल्या. आपल्या सिस्टरांनी नुसतं भात-मीठ खाऊन राहावं, असं तेव्हा त्यांच्या मनात होतं. तिथल्या मेडिकल मिशन सिस्टरांनी बजावलं, अशाने पोरी आजारी पडतील, मग गरिबांचं कोण बघणार? मदरनी ऐकलं. तेव्हा ती काळजी सोडा.

आता शिक्षणाचं. मदरच्या संघाची, म्हणजे मिशनरीज ऑफ चॅरिटीची, स्थापना १९५० ची. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच सिस्टर घेतात. यांचं चौथं आहे : गरिबांतल्या गरिबाची मनापासून, विनामूल्य सेवा. ज्याला कुणीच नाही तो यांचा पहिला माणूस, आणि तो बरा होईलच असं नसतं. आशादानमध्ये एक सिस्टर मान न धरणाऱ्या मुलाला पेज भरवतात. डाव्या हातानं हनुवटी धरायची, अर्धा चमचा द्यायचा, घोट उतरेपर्यंत थांबायचं. एका वाटीला पाऊण तास लागतो. या सिस्टर शिकलेल्या नर्स आहेत, हे मला तीन वर्षांनी कळलं. त्यांचं शिक्षण त्या थांबण्यात दिसतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रार्थनेबद्दल पूर्वी मलाही तुमच्यासारखंच वाटायचं. आराधना, म्हणजे पवित्र भाकरीसमोर बसून केलेली प्रार्थना, आठवड्यातून एकदा असायची, १९७३ पासून ती रोज तासभर झाली. चॅपलमध्ये बाकं नाहीत, सगळ्या जमिनीवर बसतात. क्रुसाशेजारी प्रभूचे शब्द असतात, 'मला तहान लागली आहे'. या तासात किती कपडे धुऊन झाले असते, असं मी एकदा बोलून गेले. सिस्टर म्हणाल्या, "इथे बसले नाही, तर दुपारी मला मुलांचं ओझं वाटायला लागतं."

मात्र लेकीला नर्सिंगच करत राहायचं असेल, तर त्याच मेडिकल मिशन सिस्टरांचा विचार जरूर करावा. ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत काम करत. तिथल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत, उपचारांवाचून मरत. म्हणून त्यांनी १९२५ मध्ये हा संघ काढला. व्रतस्थ सिस्टरांनी पूर्ण वैद्यकी आणि बाळंतपणं करण्याला तेव्हा ख्रिस्तसभेची मनाई होती, ती १९३६ मध्ये उठली. रोग्याला बरं करणं हेच त्यांचं पहिलं काम.

तेव्हा लेकीला एवढंच विचारा : रोगी बरा होऊन घरी गेला नाही, तरी तुला चालेल का? उत्तर लगेच मागू नका. आत गेल्यावरही शेवटची व्रतं घ्यायला कितीतरी वर्षं लागतात, तोवर परतीची वाट असते. त्याआधी तुम्ही दोघी एखाद्या सकाळी येऊन बसा. पेज भरवायला हात कमीच पडतात.